देवचाराचं पाकीट

२ फेब्रुवारी, सोमवार

हे सकाळी बोटींच्या इंजिनांच्या शेडवरून परतले ते तोंड पाडून. मला वाटलं, बंदरावर कोणाचं काही झालं की काय. पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, "सिगरेटी वाडल्यो."

कालपासून नवा कर लागू झाला. टीव्हीवर कधीपासून सांगत होते, पण यांचा विश्वास टीव्हीवर नाही, टपरीवर. टपरीवाल्या गुरुप्रसादने आज नवा भाव सांगितला तेव्हा कुठे पटलं.

मी म्हटलं, "बरं झालं."

"तुका बराच वाटतला."

जेवायला बसले खरे. बांगड्याचं तिखलं केलं होतं, तेही नुसतं चिवडलं. जेवण झाल्यावर नेहमीसारखे माडाखाली जाऊन बसले. अर्धी ओढून विझवली आणि उरलेली खिशात ठेवली. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा पाहिलं.

४ फेब्रुवारी

आज राग आला आहे आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. म्हणून इथे.

डिसेंबरात कुडाळच्या डॉक्टरांनी यांचा डावा पाय तपासला. शेड ते घर, केवढीशी वाट. पण तेवढ्यात यांना थांबावं लागतं, पोटरी आवळून येते. अंगठा निळसर पडलाय, हात लावला तर बर्फ. डॉक्टर सरळ म्हणाले, "रक्तवाहिन्या आक्रसल्यात. सिगरेट ठेवा नाहीतर पाय ठेवा. दोन्ही राहणार नाहीत." हे शाळकरी मुलासारखी मान हलवत होते. आणि बाहेर येऊन एसटी स्टँडवर पहिली पेटवली.

मी रडले. प्राजक्ता पुण्याहून फोनवर रडली — "बाबा, माझ्यासाठी." हे म्हणाले, "होय गो बाय." आणि दुसऱ्या दिवशी तेच.

पायासाठी नाही. माझ्यासाठी नाही. लेकीसाठी नाही. आणि आता भाव वाढला तर तीन दिवस झाले, माणूस विचारात पडलाय.

आनंद व्हायला हवा. होतोही. पण त्याच्या तळाशी काहीतरी बोचतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी पडवीत बसून चष्मा लावून पाकीट वाचत होते. त्या पाकिटावरचं सडक्या घशाचं चित्र हे नेहमी अंगठ्याने झाकून धरतात, ते मी किती वर्षं बघते आहे. आज अंगठा बाजूला होता. चित्राखाली बारीक अक्षरात एक फोन नंबर असतो, तंबाखू सोडायची असेल तर फोन करा म्हणून. फुकट.

लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नुसतं संगीत वाजत राहिलं.

मला बघून म्हणाले, "सगळ्या देशाक आजच सोडूची आसा."

मी आत आले. हसू आलं, मग डोळे भरून आले. माझा नंबर तर कधीच व्यस्त नव्हता.

९ फेब्रुवारी

आज लागला! मुलीचं नाव तेजस्वी. आवाज कोवळा, प्राजक्तापेक्षाही लहान असावी. म्हणाली, "थांबावं लागलं त्याबद्दल सॉरी काका, एक तारखेपासून फोन थांबतच नाहीयेत."

यांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे मला आत भाजी चिरताना सगळं ऐकू आलं. हे कचेरीतली मराठी बोलत होते. "होय मॅडम. मी दत्ताराम. बोटीची इंजिनं दुरुस्त करतो मॅडम. दिवसाला पाकीट-दीड पाकीट होतं मॅडम." वाक्यागणिक मॅडम. लग्नाच्या बोलणीला आमच्या घरी आले होते तेव्हा माझ्या वडिलांशी असेच बोलले होते — पाठ केल्यासारखे.

तिने विचारलं, का सोडायची आहे. मी सुरी थांबवली.

"परवडत नाही मॅडम."

पायाचं नाव नाही.

ती म्हणाली, सोडायचा एक दिवस तुम्हीच ठरवा. यांनी महाशिवरात्र ठरवली. "उपास असतो," म्हणाले. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वर दोन ओढणारा हा माणूस!

१२ फेब्रुवारी

तेजस्वीने आपणहून फोन केला. त्या करतात म्हणे असा, मधून मधून. हे स्पीकर लावून माडाखाली गेले. मी वाळत घातलेले कपडे काढायला परसात गेले होते. मुद्दाम नाही. पण ऐकू आल्यावर परतलेही नाही, हे खरं.

तिने विचारलं, सगळ्यात जास्त तलफ कधी येते. हे माडाच्या बुंध्याला टेकले. मग कचेरीतली मराठी गळून पडली. "राती पाय ठणाकता मॅडम. उठान बसतंय. भिया वाटता. अंधारात पेटवलेली दिसता, तेवडाच बरा वाटता."

"घरच्यांना सांगितलंत का काका?"

"बायलेक? नाय. ती घाबारता."

मी कपडे तसेच दोरीवर ठेवून आत आले. शेजारी झोपलेली असते मी. इतकी वर्षं.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी ख्रिस्ती मुली कन्फेशनला जायच्या. आम्ही हिंदू मुली तेवढा वेळ व्हरांड्यात बसून भरतकाम करायचो. माझी मैत्रीण फिलोमिना बाहेर यायची ती चेहरा धुतल्यासारखी. मी विचारायची, "काय सांगतेस गं तू फादरना?" ती म्हणायची, "काहीपण. जाळीतून तोंड दिसत नाही ना, म्हणून जमतं."

आज ते कळलं. माझं तोंड यांना फार जवळून दिसतं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी आंघोळ करून देवापुढे बसले. मग उरलेल्या दोन सिगरेटी चुरून मोरीत टाकल्या. मी लांबून बघितलं, जवळ गेले नाही.

खिशात सोलं ठेवली आहेत. तलफ आली की एक तोंडात धरायचं. लवंग सुचवली होती तेजस्वीने, पण हे म्हणाले, "लवंग माका दातदुखीची याद करून दिता." तिला कोकमाची साल म्हणजे काय ते समजावून सांगायला पाच मिनिटं लागली.

संध्याकाळी मथुरावयनी आल्या. या माझ्या मोठ्या जाऊबाई. बाजारात मासळी विकतात, नवसा-सायासांचं सगळं त्यांना तोंडपाठ. मी सांगितलं, आजपासून सोडली. त्या आनंदल्या नाहीत, काळजीत पडल्या. "नुसती सोडून भागाचा नाय गो. सोडलेली वस्तू कोणाक तरी देवची लागता. नायतर ती परत मागारी येता."

आमच्या वाडीच्या टोकाला, केवड्याच्या बनाजवळ, देवचाराचा दगड आहे. देवचार म्हणजे सीमेचा राखणदार. त्याला लोक जाड भाकरीचा रोट देतात, विडी देतात, कोणी बाटलीही ठेवतात. वयनी म्हणाल्या, "त्येका सांग. महिनो निभाव दी, तुझा पाकीट तुका. त्येका विडी चलता, मगे सिगरेट तर चलतलीच."

मी हसले. त्या म्हणाल्या, "हास. शिकलेली बाय तू."

त्या गेल्यावर तुळशीपुढे दिवा लावला आणि तिथूनच, केवड्याच्या बनाकडे तोंड करून बोलून टाकलं. मनात. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बघत असत्या तर म्हणाल्या असत्या, "यू टू, माय चाइल्ड?"

पण पाय यांचा आहे. मी कोणापुढेही हात जोडेन.

१८ फेब्रुवारी

चिडचिड. आमटीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज जास्त, माझं बोलणं जास्त.

२१ फेब्रुवारी

शर्ट धुताना खिसा गुलाबी झालेला दिसला. सोलांचा डाग. घासला नाही. राहू दे.

२६ फेब्रुवारी

आज सकाळी म्हणाले, "कसलो वास येता?" मी म्हटलं, "कसला?" तर मोहोराचा. मागच्या दारचा हापूस दर वर्षी मोहोरतो. यांना आज वास आला.

लग्न होऊन आले तेव्हा हे बोटीवरही जायचे. मी फाटकाच्या आधीच ओळखायची, हे आलेत म्हणून. डिझेल, खारं पाणी आणि सिगरेट. तो वास आला की जीव भांड्यात पडायचा, आज वादळात बोट नव्हती म्हणून. आता नुसतं डिझेल. काल हे मागून आले तर मी दचकलेच.

५ मार्च

शिमगा. दोन दिवस हे गावच्या मांडावर, जिथे होळी आणि खेळे होतात. गुलालाने माखून येतात, आंघोळीचं पाणी लाल. रात्री गाढ झोपले. प्राजक्ताला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाबांनी शिमगासुद्धा सिगरेटशिवाय काढला." ती म्हणाली, "आई, तुझा आवाज किती वेगळा येतोय."

१७ मार्च

महिना होऊन गेला. मथुरावयनींनी बरोबर आठवण ठेवली. सकाळी टोपली घेऊन बाजारात जाता जाता फाटकातूनच — "उद्या अवस आसा. देवचाराचा देणा ठेवू नको हां."

मला विसरायचं होतं की काय, कोण जाणे. पण बोललं होतं ते बोललं होतं. दुपारी यांना सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्यासाटी बोललंस?"

"मग कोणासाठी बोलणार?"

"बरा," म्हणाले. "देवया."

गुरुप्रसादकडून पाकीट मी आणलं. जन्मात पहिल्यांदा. तो म्हणाला, "काकी, तुमी?" मी म्हटलं, "देवचाराला." तो म्हणाला, "आता त्येकाच परवाडता. बाकी सगळे सुटी घेतत." बरणीतल्या सुट्या सिगरेटी त्याने दाखवल्या. पूर्वी सकाळ-संध्याकाळ पाकिटं जायची, म्हणाला. आता एकेक.

१८ मार्च, अमावास्या

काय लिहू.

संध्याकाळी तिघं गेलो. मी, हे, मथुरावयनी. वयनींनी रोट आणला होता, केळीच्या पानावर मांडला. हे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, टोपी काढून — "बा देवचारा, आज ह्या लेकरान जी वस्तू सोडली ती तुझ्या पायाकडे ठेवता हा. ती परत येवक देव नको. पाय राखून ठेव, महाराजा." वयनी नि मी "होय महाराजा" म्हणालो. माझा आवाज वयनींपेक्षा मोठा आला.

मग मी पाकीट दगडापाशी ठेवलं. वयनी म्हणाल्या, "अशी ठेवतंस? पेटवन देवची लागता. त्येका काय हात आसत पेटवूक?"

मी एक काढली आणि काडी लावली. उदबत्तीला लावतात तशी. टोक काळं झालं आणि विझलं. समुद्राचा वारा. पदराचा आडोसा केला, पुन्हा लावली. पुन्हा काळं, पुन्हा विझलं. तिसरी काडी. वयनी खो-खो हसायला लागल्या. "ओढल्याशिवाय पेटाची नाय गो ती! उदबत्ती काय ती? कॉन्व्हेंटात ह्या शिकवूक नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर पेटवतो आहे आणि सिगरेट ओढल्याशिवाय पेटत नाही हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

वयनींनी हात झटकले, "माका खोकलो येता." माझ्याकडे बघितलं. मी सिगरेट ओठांपाशी नेली आणि मला ते जमेना. लाज म्हणा, किळस म्हणा.

हे हात पुढे करून म्हणाले, "हाड हंय. दी माझ्याकडे."

माझ्या हातातून घेतली. एक काडी, हाताची ओंजळ, एक झुरका. पेटली. धूर सोडताना डोळे मिटले होते. क्षणभरच. मग वाकून दगडावर ठेवली आणि तिघं मागे न बघता परत आलो, तशीच रीत आहे.

वाटेत वयनी बोलत होत्या. मी यांच्याकडे बघत होते. हे जमिनीकडे.

एकच झुरका. काही होणार नाही. देवाचं काम होतं.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं. यांनी दोन वाट्या खाल्लं. सगळं ठीक आहे. सगळं ठीक आहे.

२८ मार्च

खिशात सोलं नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आता गरज नाय."

२ एप्रिल, गुरुवार

जेवणाला उशीर झाला म्हणून बोलवायला शेडवर गेले. हे नव्हते. पुढे गुरुप्रसादच्या टपरीपाशी पाठमोरे उभे. तिथे दोरीला लायटर बांधलेला असतो. यांनी मान तिरकी करून लायटर तोंडाशी नेला. ती मान मी कुठेही ओळखेन.

मी परत फिरले. घरी येऊन ताट वाढलं. हे आले, हात धुतले, जेवले. "आज तिकला बरा झाला," म्हणाले.

मी "हो" म्हणाले.

५ एप्रिल

मीच दिली. माझ्या हातातून घेतली यांनी. महिनाभर सोलं चघळून, चिडून, रात्री उठून बसून जे कमावलं ते मी एका संध्याकाळी देवचाराच्या दगडावर ठेवून आले. डॉक्टरांनी पाय वाचवायला सांगितलं होतं आणि मी धूर दिला.

सकाळी फिरायला म्हणून केवड्याच्या बनाकडे गेले. पाकीट तिथेच आहे. दवाने फुगलंय, मुंग्या लागल्यात. कोणी हात लावलेला नाही. म्हणजे यांनी ते नेलं नाही. हे सुटी घेतात — एकेक, गुपचूप. त्या सुटीवर ना चित्र असतं, ना नंबर.

मथुरावयनींना बोलणार होते. पण त्यांचा काय दोष? त्यांनी आपल्या श्रद्धेने सांगितलं. माझी तर धड श्रद्धाही नव्हती. मी भीतीने केलं.

८ एप्रिल

तेजस्वीचा फोन आला. हे तो घेऊन थेट रस्त्यापर्यंत गेले, लंगडत. मी पडवीतून बघत होते. ऐकू काही आलं नाही. बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर विचारलं, "काय म्हणाली?"

"काय म्हणतली? बरा आसा म्हणान सांगलंय."

इतकं सरळ खोटं! त्या पोरीशीही खोटं बोलत असतील. ती बिचारी कुठेतरी लिहून घेत असेल, दत्ताराम काकांनी सोडली म्हणून. मला तिच्यासाठीही वाईट वाटलं.

यांच्याशी भांडावंसं वाटतं. पण भांडायला तोंड कुठे आहे मला? म्हणतील, पेटवायला कोणी लावली?

११ एप्रिल, शनिवार

हे शेडवर गेल्यावर मी तो नंबर लावला. वाटलं होतं, ताटकळावं लागेल. लगेच लागला. दुसरीच कोणी होती. मी तेजस्वीला मागितलं, जरा वेळाने ती आली. मी म्हटलं, "मी दत्तारामांची बायको. मला एक सांगायचं आहे."

सगळं सांगितलं. नवस, दगड, वारा, तीन काड्या. सांगताना माझाच आवाज मला विचित्र वाटत होता. ती हसली नाही. देवचार म्हणजे काय, एवढं मात्र विचारलं.

मी म्हटलं, "ते तुम्हाला खोटं सांगत असतील. त्यांनी पुन्हा सुरू केली आहे. माझ्यामुळे. त्यांना टाकू नका."

ती म्हणाली, "काकी, काका माझ्याशी काय बोलतात ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण आम्ही कोणाला टाकत नाही. बहुतेकांना दोन-तीनदा सोडावी लागते. आणि तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. काकांशी बोला."

"आज लगेच लागला फोन," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो. फेब्रुवारीत उसंत नव्हती. आता कमी झालेत. भाव वाढला की फोन वाढतात, मग लोकांना भावाची सवय होते. काही सुटी घेतात, काही विडीवर जातात. थोडेच टिकतात. काका अजून फोन घेतात, हे खूप आहे काकी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. फिलोमिनाला वाटायचं. मला नाही वाटलं. मला ज्यांच्यापुढे बोलायचं होतं ते तर शेडवर होते.

१७ एप्रिल, शुक्रवार

कुडाळला गेलो. अंगठ्याची कड काळी पडली आहे. डॉक्टरांनी दाबून बघितलं, यांना कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "अंगठा जाईल. पुढच्या आठवड्यात काढून टाकू. त्यावर थांबेल की नाही, ते तुमच्या हातात आहे." मग चष्म्यावरून बघून, "ओढताय?"

हे टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

मला ते गप्प राहणं सहन होईना. मी म्हटलं, "डॉक्टर, यांची चूक नाही. यांनी सोडली होती. मी यांच्या हातात दिली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. हेही. मग सांगावंच लागलं, त्या केबिनमध्ये, बाहेर माणसं खोळंबलेली असताना. देवचार म्हणताना जीभ अडखळली. डॉक्टर आमच्याकडचेच आहेत. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "आमच्या आजीनेही असलंच काहीतरी केलं असतं." आणि चिठ्ठी लिहायला लागले.

एसटीत यांना खिडकी दिली. कसाल गेलं, कट्टा गेला. कट्ट्याच्या पुढे यांचा हात माझ्या हातावर आला आणि मालवण येईपर्यंत तिथेच राहिला. मला वाटलं, क्षमा केली. त्याने जास्तच रडू आलं.

१८ एप्रिल

सकाळी चहा घेताना हे बोलले. बशीकडे बघत.

"देवचाराक दोष लावू नको. आपणाकय लावू नको. माझी शिमग्यातच परत सुरू झालेली. मांडार. त्या फोनवरच्या चेडवाक दुसऱ्याच दिसा सांगलंय. ती म्हणता, बायलेक सांगा, बायलेक सांगा."

म्हणजे पाकीट द्यायच्या कितीतरी आधी. म्हणजे गाऱ्हाणं घालताना यांना ठाऊक होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू गात होतंस गो. चुलीकडे. लगीन झाल्यापासून तुका गाताना आयकूक नव्हता माका. मगे सांगूक जीव होयना."

मी गात होते? मला आठवतसुद्धा नाही.

आता फोन घेऊन पडवीत बसले आहेत. रस्त्यापर्यंत गेले नाहीत. "मॅडम, बायलेक सांगलंय. आता परत पयल्यापासून करूया," म्हणतायत. मी चुलीकडे बसून हे लिहिते आहे आणि माझ्या गळ्यातून गाणं काही फुटत नाही.